समलंब चौकोनाचे दोन गुण

नववीच्या त्या वर्गात तिसऱ्या बाकावर सुई आणि तोफ बसायच्या. ही नावं काही घरच्यांनी ठेवलेली नव्हती. सुईचे वडील शिंपी, ती स्वतः अंगाने किडकिडीत आणि बोलणं टोचरं, म्हणून पहिलीपासूनच ती सुई. तोफ व्हॉलीबॉल संघाची कप्तान. तिची सर्व्हिस ज्या पोरीने एकदा अंगावर घेतली, तिने दुसऱ्यांदा ती हौस केली नाही. हसायची तेसुद्धा अशी, की शेजारच्या वर्गातले गुरुजी शिकवायचे थांबायचे.

सुईच्या घरी रोज जेवणाआधी प्रार्थना, रविवारी सकाळी चर्च, आणि चर्चनंतर संडे स्कूल. तिथे ती लहान मुलांना शिकवायलाही लागली होती. पोरगी वाईट नव्हती हो. खोटं बोलायची नाही, कुणाच्या डब्यातलं न विचारता उचलायची नाही, उशिरा आली तर स्वतःहून वर्गाबाहेर उभी राहायची. एवढंच, की आपण चांगल्या आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. आणि असं माणूस शेजारी बसलं की दुसऱ्याला काय होतं, ते ज्याच्या शेजारी बसलं त्यालाच विचारा.

शुक्रवारी शेवटच्या तासाला गणिताची चाचणी असे. दहा गुणांची. वेळ संपली की वह्या शेजारणीशी बदलायच्या, सर फळ्यावर उत्तरं लिहिणार आणि प्रत्येकीने समोरच्या वहीत गुण देऊन खाली सही करायची. सरांनी दोन नियम घातलेले. पहिला, नुसतं उत्तर जुळून भागत नाही, रीत दिसली पाहिजे. दुसरा, जिने चुकीचं तपासलं तिचे तेवढे गुण कापणार आणि सहामाही संपेपर्यंत तिला वही तपासायला मिळणार नाही. या दुसऱ्या नियमाच्या धाकाने बाकीच्या पोरी अडलं की सरांना विचारायच्या. सुईला विचारायची गरज कधी पडली नव्हती. तिने तपासलेली वही सर उघडूनही बघत नसत.

त्या शुक्रवारी मात्र तोफेचा जीव टांगणीला लागलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंतरशालेय सामना होता, आणि मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम होता, की जिला त्या आठवड्याच्या चाचणीत चारपेक्षा कमी गुण पडतील तिने खेळायचं नाही. तीन वर्षं तोफेने या सामन्याची वाट पाहिली होती. दोनदा राखीव म्हणून बसली, या वर्षी कप्तान झाली. दहावीच्या मुलींना शाळा खेळू देत नसे, म्हणजे पहिली आणि शेवटची संधी हीच.

वह्या बदलल्या. सुईने टपाटप तपासायला घेतलं. सातव्या प्रश्नापर्यंत तोफेचे तीन गुण झाले. आठवा प्रश्न दोन गुणांचा. समलंब चौकोनाच्या समांतर बाजू चौदा आणि दहा, उंची सहा, क्षेत्रफळ काढा. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, किमती घातल्या, उत्तर बहात्तर. तोफेच्या वहीतही बहात्तर होतं. पण सूत्र नाही, काही नाही. एक वेडावाकडा चौकोन, त्याच्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारलेली एक तिरकी रेघ, बाजूला बेचाळीस, त्याखाली तीस, आणि मग बहात्तर.

"हे काय?" सुईने विचारलं.

"अगं, मी वेगळ्या रीतीने केलंय. ती रेघ बघ ना, तिथून..."

"सूत्र कुठंय?"

"सूत्र आठवलं नाही. म्हणून तर..."

"मग तुक्का लागलाय," सुई म्हणाली आणि दोन गुणांवर फुली मारली.

शेवटचे दोन प्रश्न तोफेने कोरेच सोडले होते. बेरीज झाली तीन. तोफेचं तोंड उतरलं, तरी तिने थट्टेचा प्रयत्न केला. "तुमच्या चर्चमध्ये माफ करायला शिकवतात ना? मग एवढे दोन गुण माफ कर की बाई!"

"चुकीला गुण देणं म्हणजे खोटेपणा," सुईने सांगितलं आणि खाली झोकदार सही केली.

शनिवारी सकाळी सामना झाला. सुईही बघायला गेली होती. आत सहाजणी खेळत होत्या आणि तोफ संघाचा शर्ट घालून रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. शेवटचा सेट शाळेने दोन गुणांनी घालवला. सगळ्या पोरी गळ्यात पडून रडल्या, तोफ रडली नाही. तिने जाळं सोडवलं, गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून निघाली. सुईला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ती धावत तिच्यामागे गेली आणि म्हणाली, "तुझी गणिताची वही दे. मी घरी सगळी उदाहरणं नीट रीतीने सोडवून देते. पुढच्या वेळी असं व्हायला नको."

तोफेने दप्तरातून वही काढून दिली. "थँक्यू गं," असंही म्हणाली.

आता त्याच दुपारची गोष्ट. सुई वडिलांच्या दुकानात कापायच्या टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्यासमोर दोन वह्या. एक तोफेची, आणि दुसरी तिची स्वतःची, जिच्यात चार पानी भाषण लिहून तयार होतं. उद्या चर्चमध्ये तरुणांची उपासना होती आणि पाळकबाईंनी तिला पाच मिनिटं कृपेवर बोलायला सांगितलं होतं. सुईने कृपेची व्याख्या लिहिली होती, कृपेचे प्रकार लिहिले होते, माणसाने कृपाळू कसं व्हावं हे मुद्देसूद लिहिलं होतं. दोनदा पाठही करून झालं होतं. म्हणून मग तिने दुसऱ्याच्या उपयोगी पडायला घेतलं.

आठव्या उदाहरणापाशी तिने सुंदर अक्षरात सूत्र लिहिलं. वडील समोर खडूने झग्याच्या कळ्या, म्हणजे घेराचे तिरके तुकडे, आखत होते. त्यांची नजर सहज वहीवर गेली.

"या पोरीचं डोकं चांगलं चालतं हं," ते म्हणाले.

"कुणाचं? तोफेचं? बाबा, तिला साधं सूत्र येत नाही."

"सूत्र मलाही येत नाही. पण बघ ना, तिरकी रेघ मारून दोन त्रिकोण केलेत तिने. हा एक बेचाळीसचा, हा तीसचा. दोन्ही जोडले की झालं. तिरक्या कळीला कापड किती लागेल ते मी असंच मोजतो." आणि ते पुन्हा खडू घेऊन आपल्या कामाला लागले.

सुईने वही जवळ ओढली. चौदा गुणिले सहाचं निम्मं बेचाळीस. दहा गुणिले सहाचं निम्मं तीस. तिने पुन्हा केलं. मग कागद फिरवून पुन्हा केलं. किती वेळा केलं तरी येणार काय होतं? रीत होती. चांगली स्वच्छ रीत होती, आणि तिच्या छाताडावर सुईची लाल फुली होती. दोन गुण मिळून पाच झाले असते. पाचला तोफ खेळली असती.

सुईने वही मिटली.

"काय झालं गं?" वडिलांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. वडिलांनी खडू खाली ठेवला.

"मी एकदा एका मास्तरांचा कोट कापताना वाट लावली होती," ते म्हणाले. "त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेलं कापड. पुन्हा मिळणार नाही असं. मी पाय धरायलाच निघालो होतो. मास्तर म्हणाले, असू द्या हो, होतं असं. एवढंच बोलले आणि चहा पिऊन गेले."

"मग?"

"मग काय! तेव्हापासून ते समोरून दिसले की मी गल्ली बदलतो. अकरा वर्षं झाली. चार शिव्या घातल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी नमस्कार केला असता मी त्यांना." ते स्वतःशीच हसले. "प्रभूसमोर रोज हात जोडून माफी घेतो, त्याची कधी लाज नाही वाटली. माणसाने दिलेली मात्र घशाखाली उतरत नाही. मी काय सांगणार तुला, बाळा?"

रविवारी चर्चमध्ये तिचं नाव पुकारलं. ती पुढे गेली, कागद उलगडले. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, की कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं देणं. पाच वर्षांची असल्यापासून ती ही व्याख्या घडाघडा म्हणायची. त्या दिवशी ती ओळ वाचताना पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की लायकी नसलेलं माणूस म्हणताना तिच्या डोळ्यासमोर नेहमी दुसरंच कुणी उभं राहायचं. शेवटच्या बाकावरचे दारुडे काका, परीक्षेत कॉपी करणारी पोरं, आणि खरं सांगायचं तर, तोफसुद्धा. स्वतः सुई तिथे कधी नव्हतीच. ती आपली देणाऱ्यांच्या बाजूला उभी.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली आणि खाली येऊन बसली. मंडळीत कुजबुज झाली. पाळकबाईंनी मात्र जणू काही असंच ठरलं होतं अशा थाटात गीत सुरू करायला सांगितलं. उपासना संपल्यावर त्या तिच्याशेजारी येऊन बसल्या. ऐकून घेतलं. धीरबीर काही दिला नाही.

"मग इथे काय करतेयस?" त्यांनी विचारलं. "तिचं घर माहीत आहे ना?"

तोफेचे वडील फरशी बसवायचं काम करायचे. घराच्या अंगणात उरलेल्या फरशांचे तुकडे रचलेले होते, आणि त्यांच्यावर तोफ आपले खेळायचे बूट घासत बसली होती. सुई तिच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. तुझं बरोबर होतं. मी बघितलं नाही. तुला खेळता आलं असतं. माझ्यामुळे गेलं.

तोफेचा ब्रश थांबला. सुईला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडावं, असंच तिला वाटत होतं.

"बरोबर होतं?" तोफेने हळूच विचारलं.

"हो."

"बाबा कोपऱ्यातल्या फरशा असंच मोजतात. मला वाटलं होतं बरोबर असेल म्हणून."

"मग तू सरांकडे का नाही गेलीस? भांडायचं तरी माझ्याशी!"

"तू म्हणालीस तुक्का आहे." तोफेने खांदे उडवले. "तुझं कधी चुकत नाही. मला वाटलं, तू म्हणतेयस म्हणजे माझंच चुकलं असणार. घरी येऊन बाबांनाही तेच सांगितलं, की तुमची रीत चुकीची आहे."

अरे देवा! सुईला वाटलं, याच्यापेक्षा तिने एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. "मला माफ कर," ती पुटपुटली.

"तू जा आता," तोफ म्हणाली. रागाने नाही, दमल्यासारखी. "मला नाही जमत आज."

सोमवारी पहिल्या तासाआधी सुई शिक्षकांच्या खोलीत गेली आणि सरांना वही दाखवली. सरांनी आकृती बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "मी तरी उघडून बघायला हवं होतं." पण नियम तो नियम. तोफेचे पाच केले, सुईच्या दहातले दोन कापले, आणि तपासणी बंद. वर्गात जाहीरही केलं. सुई मान खाली घालून उभी राहिली, आणि खरं सांगू का, तिला बरं वाटलं. शिक्षा झाली, म्हणजे भागलं असं तिला वाटलं.

कसलं भागतंय! तोफ बाकावर शेजारी बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण तिचं ते हसू बंद झालं होतं. शेजारच्या वर्गातले गुरुजी आठवडाभर विनाअडथळा शिकवत होते. मग सुईने चंग बांधला. मंगळवारी आपला डबा तोफेपुढे सरकवला. बुधवारी तिचा भूगोलाचा नकाशा रंगवून आणला. गुरुवारी सरावानंतर चेंडूंची जाळी उचलून मैदानभर तिच्यामागे चालली, दोनदा अडखळली. घरी प्रार्थनेत तर ती प्रभूशी चक्क वाटाघाटीला बसली, की मी हे हे करीन, पण तिला माझ्याशी पहिल्यासारखं बोलू दे.

गुरुवारी तोफेने तिच्या हातातून जाळी काढून घेतली.

"बस कर गं! काय लावलंयस हे? तू काय माझी नोकर आहेस?"

"मला भरून द्यायचंय."

"नाही भरत ते." तोफेचा आवाज फुटला. शनिवारी न आलेलं रडू तिला आत्ता आलं. "तो सामना परत होणार आहे का? शंभर डबे दिलेस तरी होणार आहे का? तू हे सगळं करतेस ना, मग मला रोज आठवतं. आणि मग मला वाटतं, मी अजून रागावले आहे की नाही हे बघायलाच तू येतेस."

तोफेने बाहीने नाक पुसलं, जाळी खांद्यावर टाकली आणि गेली. सुई मैदानाच्या कडेला बसून राहिली. आपल्याकडे द्यायला काहीच नाही, हे तिला त्या दिवशी नीट कळलं. चांगुलपणाची एवढी मोठी शिल्लक बाळगून होती बिचारी, त्यातलं काहीसुद्धा इथे चालत नव्हतं. रात्री जेवणाआधी वडिलांनी तिला प्रार्थना करायला सांगितलं, तर तिच्या तोंडून एवढंच आलं, "प्रभू, मला काही जमत नाही." वडिलांनी आमेन म्हटलं आणि ताट पुढे ओढलं.

शुक्रवार आला. शेवटचा तास, चाचणी झाली. सरांनी वह्या बदलायला सांगितलं. सुईची वही मागच्या बाकावर गेली, आणि तोफेची वही घ्यायला पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली. तोफेने वही सोडलीच नाही. ती उभी राहिली.

"सर, माझी वही हिलाच तपासू द्या."

"तिची तपासणी बंद आहे," सर म्हणाले. "माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे सर. पण गुण माझे गेले होते. सामना माझा गेला. नुकसान झालं ते माझं झालं ना? मग सोडायचं की नाही ते मी ठरवणार. दुसरं कोण ठरवणार?"

सरांनी हातातला खडू दोनदा या हातातून त्या हातात केला. "बस खाली, वकीलबाई," ते म्हणाले. "तपासू दे तिला."

"नको," सुई कुजबुजली. "अगं, दुसऱ्या कुणाला दे. माझं परत चुकेल."

"चुकेल तर चुकेल. मुकाट्याने घे."

वही सुईच्या पुढ्यात आली. आठवडाभर ती ज्याच्यासाठी धडपडली होती ते हेच होतं, आणि धडपडून ते मिळालं नव्हतं. तोफेने ते नुसतं सरकवलं होतं, कोपराने, बाकावरून. सुईला रडू आलं, फार लाज वाटली, आणि तितकंच फार बरंही वाटलं.

ती तपासू लागली. एकेक ओळ वाचून. सहावा प्रश्न येईपर्यंत बाकीच्यांचं तपासून झालं होतं. सहाव्यात तोफेने पुन्हा काहीतरी आपल्याच डोक्याने केलं होतं.

"हे कसं केलंस? सांग मला."

तोफेने बोट ठेवून सांगितलं. सुईने मध्ये तोंड न घालता शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून बघितलं, आणि पुन्हा बघितलं, कुठूनतरी बरोबर निघावं म्हणून. निघेना.

"इथे निम्मं करायला विसरलीस," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "चुकलंय गं."

"नक्की?"

"नक्की."

"मग काप," तोफ म्हणाली. "अशी बघतेस काय? मी खोटे गुण द्यायला नाही दिली वही."

सुईने फुली मारली. बेरीज साडेचार झाली. तिने खाली सही केली, ती जरा वाकडी आली. तोफेने वही ओढून घेतली, सही बघितली आणि एवढ्या मोठ्यांदा हसली, की शेजारच्या वर्गात शिकवणं थांबलं.